घर होऊ दे, मग बघू

बाबूजींनी घराचा जिना आधी फोडायला लावला आणि आता वर जायचं कसं, हा विचार शेवटची पायरी फुटल्यावर केला. हे मी चेष्टेने सांगत नाही, अगदी असंच झालं. आमचं घर इंदूरच्या राजेंद्र नगरला, महूच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर पत्र्याची एक खोली, मोरी-संडास, आणि बाकी सगळी उघडी गच्ची. जिना बाहेरच्या भिंतीला लागून होता, अरुंद, कठड्याशिवायचा, आणि बाबूजींना तो आतून हवा होता. आतून जिना, खाली नवी फरशी, पाहुण्यांसाठी एक जास्तीची खोली, आणि वरचा पत्रा काढून स्लॅब टाकून माझ्यासाठी पक्की खोली, असा सगळा बेत. बद्री मिस्त्रीकडे त्या आठवड्यात घण मारणारी माणसं रिकामी होती, म्हणून कामाची सुरुवात फोडाफोडीपासून झाली. “आठ दिन में नई सीढ़ी खड़ी कर दूँगा बाबूजी, आप तो बेफिकर रहो,” असं तो म्हणाला आणि बाबूजी खरोखरच बेफिकीर राहिले. मग लगीनसराई आली. बद्री मिस्त्री मेव्हणीच्या लग्नाला गावी गेला तो तिकडेच रमला. मागे राहिलेल्या माणसांना फरशी उखडता येत होती, जिना बांधता येत नव्हता. म्हणून त्यांनी फरशी उखडली.

एवढी घाई कशाची, असं कोणी विचारेल. घाई जयंतीची. माझे आजोबा पलटणीत होते, नोकरी संपल्यावर महूलाच राहिले, आणि बाबूजी टेलिफोनच्या ऑफिसात लागल्यावर इंदूरला आले. पण आमचं घर महूच्या वाटेवर. एप्रिलात नागपूर, अकोला, भुसावळकडची सगळी नातीगोती महूच्या जयंतीला निघायची ती आदल्या दिवशी आमच्याकडे उतरायची. सख्खी यायची, चुलत यायची, आणि सख्ख्या-चुलतांच्या शेजारचीही यायची. बाबूजी कुणाला ‘तुम्ही कोण’ म्हणून विचारत नसत. आपल्या दारावरून माणूस उपाशी महूला गेला नाही पाहिजे, हा त्यांचा एकच हट्ट. मागच्या वर्षी पाहुणे पायऱ्यांवर बसून जेवले होते, ते त्यांना फार लागलं होतं. या वर्षी पाहुणे पायऱ्यांवर बसणार नव्हते एवढं नक्की, कारण पायऱ्याच नव्हत्या.

आमचा गोलू तेव्हा दोन वर्षांचा. माझा सख्खा भाऊ, माझ्यात आणि त्याच्यात पंधरा वर्षांचं अंतर. मी दहावीत असताना आईला दिवस गेले, तेव्हा आई शाळेत शिकवायला जाताना पदर पुढे ओढून खाली मान घालून जायची. आणि आता मी त्याला काखेत घेऊन भाजीला गेले की बायका मला विचारायच्या, “लग्नानंतर कितव्या महिन्यात झाला गं?” मी त्यांना सरळ सांगायचे, भाऊ आहे माझा, तुमच्या तोंडाला काही लगाम आहे का. आई मग घरी आल्यावर मलाच रागवायची. गोलू गोड होता, ते मी नाकारत नाही. पण गोड पोर चोवीस तास अंगावर असलं की गोडाचंही ओझं होतं.

खाली खिळे, चुना, उखडलेली फरशी, रेतीचा ढीग. त्यात दोन वर्षांचं पोर सोडणार कोण? म्हणून ठरलं की गोलूने वर राहायचं. आणि गोलू वर राहणार म्हणजे मी वर राहणार. बोर्डाचे पेपर झालेच होते. “तुला तरी आता काय काम आहे,” हे वाक्य त्या महिन्यात घरातल्या प्रत्येकाने मला ऐकवलं, एकदा तर बद्रीच्या माणसांनीही. वर-खाली करायला बाबूजींनी टेंटवाल्याकडून बांबूची एक लांब शिडी आणली. शिडीचा त्यांचा कायदा होता. ते खाली दोन्ही हातांनी शिडी धरणार, एक पाय खालच्या दांडीवर ठेवणार, आणि “धरलीय” म्हणणार. ते म्हणेपर्यंत कुणी पाय टाकायचा नाही. आईनेही नाही, मिस्त्रीच्या माणसांनीही नाही. आधी शिडी दिवसभर लावलेली असायची. मग एकदा मी कपडे वाळत घालत असताना गोलू उलटा होऊन तिसऱ्या दांडीपर्यंत उतरला, आणि खालून आईने जी किंकाळी फोडली ती मला अजून ऐकू येते. त्या दिवसापासून बाबूजी सकाळी ऑफिसला जाताना शिडी काढून भिंतीच्या कडेला आडवी ठेवायचे आणि संध्याकाळी आल्यावर परत लावायचे. एकट्या आईला ती उचलत नव्हती, आणि मिस्त्रीच्या माणसांनी हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती. म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत गोलू आणि मी गच्चीवर.

एप्रिलातलं ऊन इंदुरात कसं असतं ते इंदूरवाल्यांना सांगायला नको. पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नसे. मी मोरीत बादली भरून गोलूला त्यात बसवायचे आणि स्वतः पाय बुडवून उंबऱ्यावर बसायचे. खालून दिवसभर छिन्नीचा ठण-ठण, फावड्याने माल कालवल्याचा खर-खर, आणि धूळ. ती धूळ भातात यायची, केसात यायची, गोलूच्या पापण्यांवर बसायची. आई दुपारी शाळेतून आली की दोरीला बांधलेल्या टोपलीत डबा ठेवायची आणि मी वर ओढायचे. वरण-भात, काकडीची कोशिंबीर, कधी सकाळचे पोहे वरून शेव आणि जीरावनचा मसाला टाकून. रिकामी टोपली खाली सोडायची वेळ आली की गोलूला चेव यायचा. साबण, माझी वेणीची रिबीन, स्वतःची एक चप्पल, जे हाताला येईल ते तो टोपलीत टाकायचा आणि मिस्त्रीच्या माणसांचं ऐकून खाली ओरडायचा, “माल ला रे भिया!” हे त्याचं पहिलं पूर्ण वाक्य. आईबापांना जयंतीच्या पाहुण्यांपुढे मिरवायला दुसरं काही मिळालं नाही.

या सगळ्यात माझं एक काम अडलेलं होतं. लता मावशी, आईची धाकटी बहीण, नागपूरला एका दवाखान्यात नर्स होती. तिने तिथल्या नर्सिंगच्या ट्रेनिंगमध्ये माझ्यासाठी जागा बोलून ठेवली होती. राहायला तिच्याकडे, शिकायला तिथे. जयंतीला ती येणार, आणि परत जाताना मला घेऊन जाणार. जायचं तर तेव्हाच, नाहीतर ती जागा दुसऱ्या मुलीला. मला जायचं होतं. नर्स व्हायची फार मोठी आस होती असं नाही. पण मावशी मागच्या जयंतीला आली तेव्हा तिच्या मनगटावर घड्याळ होतं, ती बाबूजींशी समोर बसून बोलत होती, आणि जेवण झाल्यावर तिने स्वतःहून, “मी जरा फिरून येते,” असं म्हटलं आणि ती गेली. कुणाला विचारलं नाही. मी ते बघत राहिले होते.

बाबूजींना विचारलं की एकच उत्तर मिळायचं: “घर होऊ दे, मग बघू.” रागावून नाही, डोक्यावर हात ठेवून. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येतं. मग बघू म्हणणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं ते मला आज इतकी वर्षं वॉर्ड सांभाळूनही कळलेलं नाही. एकदा संध्याकाळी ते वर आले आणि खडूने गच्चीवर माझी खोली आखायला लागले. इथे पलंग, इथे टेबल, इथे पुस्तकांचं कपाट. बी.ए. इथूनच कर, कॉलेज काय दूर आहे. “खिडकी कुठं पाहिजे, बेटा? रस्त्याकडे ठेवू? हवा येईल.” मी म्हटलं, ठेवा कुठेही. गोलू त्या खडूच्या पलंगावर जाऊन झोपला आणि बाबूजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी कोपऱ्यात उभी. तो माणूस माझ्यासाठी हौसेने खोली बांधत होता, आणि मला ती खोली बघून कुणी गळ्यात दोर टाकल्यासारखं होत होतं. शिवाय नवा जिना उतरणार होता आईबाबूजींच्या खोलीत. म्हणजे माझ्या पक्क्या खोलीतून बाहेर पडायचं तर रोज त्यांच्या पलंगाशेजारून. हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण मी बाहेर कशाला पडेन?

जयंतीच्या आदल्या दिवशी पाहुणे आले. दोन मेटाडोर भरून. जिना नाही, फरशी नाही, तरी बाबूजींच्या तोंडावर तेज. पुरुष खाली ताडपत्रीवर, बायका-मुली वर गच्चीवर. एकेक बाई शिडी चढायची तेव्हा बाबूजी खालून धरून उभे आणि वरून मी हात द्यायचे. एक आजी अर्ध्यावर थांबून म्हणाल्या की जन्मस्थळाच्या दर्शनाआधीच मला वर पोचवता का, आणि खालची सगळी मंडळी हसली. संध्याकाळी पुऱ्या लाटताना मावशीने माझ्या देखतच बाबूजींना विचारलं, “भाऊजी, सुजाताचं काय ठरलं? परवा सकाळची गाडी आहे.” बाबूजींनी पाण्याचा हंडा खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले, “घर होऊ दे, लता. मग बघू.” मावशीने आईकडे बघितलं. आईने पुरी उलटली. झालं, एवढंच. मी तिथून उठले आणि वर जाऊन गोलूला झोपवलं, कारण ते माझं काम होतं.

सकाळी एकच धांदल. पांढऱ्या साड्या, निळ्या ओढण्या, “अरे माझी चप्पल”, “पोहे घेतले का पोहे”. निघायची वेळ आणि गोलूने नेमकी चड्डी घाण केली. मी त्याला मोरीत नेलं. बाहेर बायका एकेक करून उतरत होत्या, बाबूजींचं “धरलीय, धरलीय” मला आतून ऐकू येत होतं. शेवटची बाई उतरली. आणि मग बाबूजींनी रोजची सवय म्हणून शिडी काढली आणि भिंतीच्या कडेला आडवी ठेवली. त्यांच्या हातांनी ते आपसूक केलं, डोकं महूला पोचलं होतं. आई पुढच्या गाडीत, तिला वाटलं मी मागच्या गाडीत मावशीजवळ. मावशीला वाटलं मी पुढे आईजवळ. बाबूजी ड्रायव्हरशेजारी, त्यांना वाटलं बायकांत कुठेतरी असेन. मी गोलूला पुसत पुसत बाहेर आले तेव्हा दुसरी मेटाडोर गल्लीच्या तोंडाशी वळत होती, भोंगा लावलेला, आणि त्या भोंग्यात माझी हाक कुणाला ऐकू जाणार?

सुरुवातीला मला हसूच आलं. म्हटलं, दोन मिनिटांत परत येतील. मग वाटलं, नाक्यावर आठवण येईल. मग महूच्या वाटेवरच्या राऊपर्यंत तरी. शेजारचे काका-काकू देवासला लग्नाला गेलेले, मिस्त्रीच्या माणसांना सुट्टी, गल्लीत चिटपाखरू नाही. गच्चीच्या कोपऱ्यातून महूचा रस्ता जरासा दिसायचा. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, सगळ्यांवर निळे झेंडे, “जय भीम”च्या घोषणा, गाणी. मी ओढणी हलवून ओरडले. एका ट्रकमधल्या पोरांनी उलट मला झेंडा हलवून दाखवला आणि गेली पुढे. दरवर्षी मी महूला पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून येणाऱ्यांना पाणी वाटायचे. तिथे भाषणं व्हायची, मुलींना शिकवा म्हणून, आणि बाबूजी सगळ्यांत पुढे बसून टाळ्या वाजवायचे. आता ते तिकडे टाळ्या वाजवत असतील, हे मनात आलं आणि मी भिंतीशी बसून रडले. चांगली हुंदके देऊन रडले. कुणी बघायला नव्हतं त्यामुळे लाजायचं कारण नव्हतं.

भुकेचं निभावलं. पाहुण्यांच्या एका पिशवीत शंकरपाळे होते, टाकीत पाणी होतं. गोलू खूश होता, ताई आणि शंकरपाळे, त्याला आणखी काय पाहिजे. पण दुपार झाली, पत्रा तापला, पाणी चटके देईल इतकं गरम झालं, आणि तो किरकिर करायला लागला. मी त्याच्या डोक्यावर ओला पंचा ठेवला आणि त्याला मांडीवर घेऊन मोरीच्या सावलीत बसले. मला भीती नव्हती वाटत. वाटत होतं ते दुसरंच. दोन गाड्या भरून माणसं, सगळी आमची, जीव टाकणारी, आणि मी नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि येईल तेव्हा कशामुळे येईल, तेही मला नीट माहीत होतं. गोलूच्या जेवणाची वेळ होईल तेव्हा. मग कुणीतरी म्हणेल, सुजाता कुठाय? त्या भिंतीशी बसून मला स्पष्ट दिसलं की घर कधीच होणार नाही. जिना झाला की फरशी राहील, फरशी झाली की रंग, रंग झाला की गोलूची शाळा. मी पक्क्या खोलीत खिडकीशी बसलेली असेन आणि सगळे म्हणतील, किती हवेशीर आहे.

पुढे आईने सांगितलं ते अगदी तसंच. पंगत बसली, आई गोलूसाठी भात कालवायला लागली आणि म्हणाली, सुजाताला हाक मार गं. मावशी म्हणाली, तुझ्याजवळ नाही? बाबूजींच्या हातात भाजीची बादली होती, ती तशीच खाली ठेवून ते कुणाची तरी स्कूटर घेऊन निघाले, येणाऱ्या सगळ्या गर्दीच्या उलटे. गल्लीत स्कूटर आली तेव्हा ती त्यांनी नीट उभीसुद्धा केली नाही, रेतीत आडवी पडली. वर बघितलं. मी कठड्याशी उभी, गोलू कडेवर. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता, घामाने आणि धुळीने माखलेला. त्यांनी एकट्याने शिडी उचलली, दोनदा ती हातातून निसटली, तिसऱ्यांदा भिंतीला लागली. पाय दांडीवर ठेवला.

“धरलीय. ये बेटा.”

मी नाही हलले. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. पाय उचलायचा म्हटलं आणि तो उचलेना.

“सुजाता, ये ना. धरलीय मी.”

“बाबूजी, मी उद्या मावशीबरोबर जाणार आहे. हो म्हणा, मग उतरते.”

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. ते म्हणाले, खाली ये, आपण बोलू, तू उन्हात आहेस, गोलू उन्हात आहे. मी म्हटलं, आम्ही महिनाभर उन्हातच आहोत. गोलूला मात्र मी सावलीत नेऊन बसवलं, हातात शंकरपाळा दिला, आणि परत कठड्याशी येऊन उभी राहिले. बाबूजींना वर येऊन मला ओढून नेता आलं असतं. पण खाली शिडी धरायला कुणी नव्हतं, आणि शिडी धरायला माणूस नसताना चढायचं नाही हा कायदा त्यांचाच. दुसऱ्या कुणी मोडला असता, त्यांच्याने मोडवेना. ते शिडी धरून खाली, मी वर, आणि दोन गल्ल्या पलीकडून गाणी वाजत होती.

“घर होऊ दे की,” ते म्हणाले, पण त्यांच्याच आवाजात जोर नव्हता.

“घराचं होत राहील, बाबूजी.”

“तुझ्यासाठीच तर खोली बांधतोय गं.”

“माहीत आहे मला.”

“मग?”

“आज सकाळी मी इथे राहिले, ते तुम्हाला कधी कळलं?”

त्यांनी मान खाली घातली. वरून मला त्यांचं फक्त टक्कल दिसत होतं, त्यावर घामाचे थेंब, आणि शिडीवरचे हात. मला इतकी माया आली की वाटलं, असू दे, जाऊ दे नागपूर, उतरावं खाली. मी उतरले असते तर तिथेच राहिले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण मी दोन्ही हातांनी कठडा धरून उभी राहिले.

“गोलूला कोण बघेल?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न आता मला अडवायला नव्हता. त्यांना खरंच सुचत नव्हतं.

“तुम्ही आहात, आई आहे. जिना बांधा आधी, म्हणजे त्याला खाली-वर करता येईल.”

मागून गोलूला आपलं नाव ऐकू आलं. तो धावत आला, कठड्याच्या जाळीतून खाली बघितलं, बाप दिसला आणि आनंदाने ओरडला, “माल ला रे भिया!” बाबूजींना हसू आवरलं नाही. हसता हसता त्यांनी बाहीने डोळे पुसले, एक हात शिडीवरच ठेवून.

“जा,” ते म्हणाले. “जा नागपूरला. मी लताला सांगतो.”

ती खोली पुढे झाली. जिना दिवाळीनंतर, खोली त्याच्या पुढच्या वर्षी, खिडकी रस्त्याकडे. खरंच हवेशीर आहे. मी तिच्यात पहिल्यांदा झोपले ती जयंतीची पाहुणी म्हणून, मनगटाला घड्याळ लावून, आणि उजाडायच्या आत आईबाबूजींच्या पलंगाशेजारून दबक्या पावलांनी उतरून एकटीच फिरायला गेले. परत आले तेव्हा बाबूजी दाराशी पेपर वाचत होते. कुठे गेली होतीस, हे त्यांनी विचारलं नाही, चहा घेतेस का, एवढंच विचारलं.

त्या दुपारी मात्र मी ओढणीने गोलूला पाठीशी घट्ट बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि शिडीच्या टोकाशी आले. खालून आवाज आला, “धरलीय.” मग मी पाय टाकला. बांबू तापलेला होता, तळपायाला चटके बसत होते. एकेक दांडी करत मी उतरले, शेवटच्या दांडीवरून रेतीत पाय ठेवला, बाजूला झाले, गोलूची गाठ सोडून त्याला खाली उतरवलं. बाबूजी तसेच. दोन्ही हात शिडीवर, पाय खालच्या दांडीवर, नजर वर गच्चीकडे.

“बाबूजी,” मी म्हटलं, “उतरलो आम्ही. वर कोणी नाहीये आता.”

तरी त्यांनी शिडी सोडायला थोडा वेळ घेतला.